बॅटरीवर चालणारा जुना रेंजफाइंडर भंगारात काढण्याआधी

साठ-सत्तरच्या दशकातला बॅटरीवाला रेंजफाइंडर कॅमेरा (ज्यात खिडकीतून दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करतात) म्हणजे शोकेसची वस्तू, असं सांगणारा एक संदेश हौशी मंडळींमध्ये सारखा पुढे पाठवला जातो. त्यातले मुद्दे साधारण असे: पाऱ्याच्या बॅटरीवर बंदी आली, आता योग्य सेल मिळत नाही. आतलं सर्किट बिघडलं की दुरुस्ती नाही. शटर अडकलं असेल तर डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचं फवाऱ्याचं तेल) मारून बघा, नाही चाललं तर नाद सोडा. रेंजफाइंडर हलला की कारखान्याशिवाय जुळत नाही. बुरशी असेल तर घरात आणू नका, बाकीच्या लेन्सना लागण होते. आणि काही बदल करून चालवलाच, तर किंमत मातीमोल.

असलं वाचून वडिलांचा चांगला कॅमेरा रद्दीवाल्याला देणारी माणसं आहेत, म्हणून हे लिहितोय. उदाहरणाला याशिका इलेक्ट्रो ३५ घेतो, कारण हा संदेश सगळ्यात जास्त त्याच्याच नावाने फिरतो. याशिकाने तो १९६६ मध्ये काढला. त्याचं १९७३ चं जीएसएन मॉडेल आजही सहज सापडतं. ४५ मिलिमीटरची, एफ १.७ ची, न निघणारी लेन्स. ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं लेन्सचं भोक किती मोठं ठेवायचं ते, आपण ठरवायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा ठरवतो, ३० सेकंदांपासून १/५०० सेकंदापर्यंत.

बॅटरीचा मुद्दा अर्धा खरा आहे. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने पाऱ्याच्या बॅटऱ्या बंद झाल्या, २०१३ च्या मिनामाता कराराने जगभर त्यांना आळा बसला. बंदी योग्यच होती. ज्या जपानी गावाचं नाव त्या कराराला आहे, तिथे पाऱ्याने माणसं मेली आणि पिढ्या अधू झाल्या. पण बॅटरी गेली म्हणून कॅमेरा गेला, हे कुठून आलं?

इलेक्ट्रोला मूळची ५.६ व्होल्टची बॅटरी लागायची. आज ६ व्होल्टची ४एलआर४४ मिळते. ती मूळ बॅटरीपेक्षा बारीक आणि आखूड असते, म्हणून भोवती जाड कागदाची नळी करायची आणि उरलेली लांबी पितळेच्या तुकड्याने किंवा स्प्रिंगने भरायची. तयार ॲडॉप्टरही मिळतात. व्होल्टेज वाढल्याने फोटो बिघडतील ही भीती इथे लागू नाही. या शटरमध्ये प्रकाश मोजणारा कॅडमियम सल्फाइडचा सेल असतो, प्रकाश वाढला की त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो. त्या रोधातून एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरत जातो, आणि ठरावीक पातळी गाठली की विद्युतचुंबकाची पकड सुटून शटर मिटतं. बॅटरी ६ व्होल्टची झाली की कपॅसिटर जोरात भरतो, पण गाठायची पातळीही त्याच प्रमाणात वर जाते. वेळ जवळपास तेवढाच राहतो.

कॅननच्या कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ मध्ये मात्र गणित वेगळं आहे. तिथे १.३५ व्होल्टचा एकच सेल थेट प्रकाश मोजणाऱ्या मीटरची सुई हलवतो. त्यात १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला की सुई प्रकाश जास्त दाखवते आणि फोटो काळपट येतात. शिवाय अल्कलाइनचं व्होल्टेज वापराबरोबर उतरत जातं, म्हणजे चूकसुद्धा स्थिर राहत नाही. यावर उपाय दोन. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल भोवती रिंग घालून बसवायचा. तो १.४ व्होल्ट देतो, फक्त स्टिकर काढल्यावर काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत सुकतो. नाहीतर १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल घालून वाटेत एक शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) डाखायचा, तो जास्तीचं व्होल्टेज खातो. डायोड उलटा लागला तर मीटर अजिबात हलत नाही, तेव्हा दिशा बघूनच डाखा. आणि हे काहीच नको असेल तरी कॅनोनेटचं शटर यांत्रिक आहे. सेल न घालता हाताने वेग आणि ॲपर्चर लावून तो पूर्ण वापरता येतो. ‘बॅटरीवाला’ म्हणून सगळ्यांना एकाच ओळीत उभं करणारा संदेश हा फरक सांगतच नाही.

आता सर्किट. इलेक्ट्रोचा जो बिघाड ‘सर्किट उडालं’ म्हणून सांगितला जातो, तो बहुतेकदा रबराच्या एका तुकड्याचा असतो. फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढला की धडधाकट इलेक्ट्रोमधून ‘खट्’ असा स्पष्ट आवाज येतो. शटर दाबल्यावर खाली गेलेली आतली पट्टी परत जागेवर बसते, त्याचा तो आवाज. ती जिथे टेकते तिथे कारखान्याने छोटं रबर लावलेलं असतं, आणि पन्नास वर्षांत त्याचा चिकट काळा चिखल होतो. मग पट्टी नेमकी जागेवर थांबत नाही, तिच्यावरचे विद्युत संपर्क सरकतात आणि शटरची वेळ चुकू लागते, उजेड कमी-जास्त असल्याचा इशारा देणारे दिवेही भलतंच सांगतात. ट्रान्झिस्टर बिचारे ठणठणीत असतात. जुनं रबर खरवडून, स्पिरिटने पुसून तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा चिकटवला की ‘खट्’ परत येतो. मात्र काम नाजूक आहे, कॅमेरा बराच उघडावा लागतो. ज्याने कधी सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं नाही, त्याने ते जाणत्या कारागिराकडे द्यावं.

दुसरा नेहमीचा दोषी बॅटरीचा खण. जुना सेल आत ठेवून कॅमेरा वर्षानुवर्षं कपाटात पडला की संपर्कावर हिरवट-पांढरी पूड जमते आणि वायर आतून कुजते. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पूड काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वायर काळी पडली असेल तर नवी डाखा. एवढं करून बॅटरी तपासायचं मागचं बटण दाबल्यावर हिरवा दिवा लागला, तर आशेला जागा आहे.

विकत घेताना एक लक्षात ठेवा. बॅटरीशिवाय इलेक्ट्रोचं शटर १/५०० वर सुटतं. विक्रेत्याने टकटक करून दाखवलं म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स चालतं असं नाही. बॅटरी घालूनच बघायचं, एकदा उजेडाकडे आणि एकदा लेन्स हाताने झाकून. झाकल्यावर शटर बराच वेळ उघडं राहिलं पाहिजे.

डब्ल्यूडी-४० चा सल्ला सगळ्यात घातक, आणि तो देणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. या कॅमेऱ्यांचं लीफ शटर म्हणजे एकमेकांवर सरकणारी कागदासारखी पातळ पाती. ती कोरडीच चालायची असतात. फोकसच्या रिंगेतलं जुनं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर पसरतं, म्हणून ती चिकटतात. म्हणजे तेलाने झालेल्या दुखण्यावर पुन्हा तेल! दोन दिवस शटर छान चालतं, मग पहिल्यापेक्षा घट्ट बसतं, आणि तेलाचा पातळ थर आतल्या भिंगांवर चढतो तो वेगळाच. योग्य रीत अशी: पुढची रिंग रबरी टूलने फिरवून काढायची, पुढची भिंगं बाजूला ठेवायची, कापसाच्या काडीवर लायटर फ्लुइडचे एक-दोन थेंब घेऊन पाती पुसायची, शटर सोडायचं, वाळू द्यायचं, पुन्हा पुसायचं. काडी स्वच्छ निघेपर्यंत. लायटर फ्लुइडही वरून ओतायचं नाही, कारण विरघळलेलं ग्रीस त्याच्याबरोबर वाहत कोपऱ्यात जाऊन पुन्हा सुकतं.

रेंजफाइंडर जुळवायला कारखाना लागत नाही. वरचं झाकण काढलं की जुळवणीचे स्क्रू दिसतात. लेन्स अनंतावर (सगळ्यात लांबच्या फोकसवर) ठेवायची, किलोमीटरभर लांबचा टॉवर किंवा रात्री चंद्र धरायचा आणि दोन प्रतिमा एक होईपर्यंत स्क्रू किंचित किंचित फिरवायचा. त्याआधी लेन्स स्वतः अनंतावर नीट बसते का ते तपासा. मागचं दार उघडून फिल्मच्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून लावा आणि शटर ‘बी’ वर (बटण दाबलेलं असेपर्यंत ते उघडं राहतं) उघडं ठेवून चित्र बघा. झाकण उघडं असताना एक मोह मात्र टाळा. तिरप्या काचेवरची धूळ घासून पुसू नका. तिच्यावरचा अर्धपारदर्शक मुलामा इतका नाजूक असतो की कापसाबरोबर निघून येतो, आणि मग मधला पिवळा ठिपका कायमचा पुसट होतो. ब्लोअरने उडेल तेवढीच धूळ उडवा.

बुरशीची भीती कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांना जास्त, आणि ती समजण्यासारखी आहे. पण तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच. शेजारी बुरशीवाला कॅमेरा नसला तरी पावसाळ्यात कातड्याच्या केसमध्ये बंद ठेवलेल्या लेन्सवर ती धरते. खरं कारण दमट हवा. केस काढून टाका, हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या. उन्हात ठेवल्याने बुरशी मरेल, पण तिचं जाळं काचेवरून निघत नाही, ते भिंग उघडून पुसावंच लागतं. कोटिंग खाल्लं गेलं असेल तर तो डाग राहतो. हलका असेल तर फोटोत दिसतही नाही.

बदल केल्याने किंमत जाते, हे काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी घेणाऱ्यापुरतं खरं. खुद्द लाइका कॅमेरे बनवणारी लाइट्झ कंपनी जुने लाइका परत घेऊन त्यांना रेंजफाइंडर आणि नवे वेग बसवून द्यायची. दाराच्या फटीत उजेड अडवणाऱ्या, पण आता कुजलेल्या फोमऐवजी काळी लोकर भरली, किंवा खणात डायोड डाखला, तर कॅमेऱ्याचं काय बिघडलं? मूळ भाग पाकिटात जपून ठेवा म्हणजे झालं.

संदेश एका ठिकाणी बरोबर आहे. प्रकाश मोजणारा सेल खरोखर मेला असेल, तर नवा सुटा भाग मिळत नाही. मग त्याच मॉडेलचा, लेन्स फुटलेला किंवा बॉडी चेपलेला दुसरा कॅमेरा शोधायचा आणि त्यातला सेल काढून बसवायचा. इलेक्ट्रो इतक्या मोठ्या संख्येने विकले गेले की असा एखादा अजूनही स्वस्तात मिळून जातो.