वायरीतली व्हाळी गेली

सकाळी भावाचा फोन. ‘ताई, व्हाळी गेली.’ आवाज असा की मला वाटलं वाडीतलं कोण म्हातारं माणूस गेलं. मालवणात वायरीला आमच्या माहेरच्या घरामागून जी व्हाळी, म्हणजे छोटा ओढा, वाहते (वाहायची म्हणायचं आता), तिच्यात दोन दिवस डंपर खाली होत होते, लाल माती, चिऱ्यांचे (जांभ्या दगडांचे) तुकडे, कुठल्यातरी पाडलेल्या घराचे नळे म्हणजे कौलं, आणि आज जेसीबीने वरून सगळं सपाट. कशासाठी, तर होमस्टेच्या गाड्या लावायला. दुपारी स्कूटर काढून गेले. तिथे उभा असलेला पोरगा, चांगला शिकलेला, अगदी नम्रपणे मला सांगतो, ‘काकी, वर्षाचे आठ महिने सुकीच तर असते ती.’

सुकी असते म्हणे. अरे मग उरलेले चार महिने पाणी तुझ्या रिसेप्शनातून नेणार आहेस का?

तेव्हापासून डोकं फिरलंय. लांब लिहिणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

मालवणात राहून मालवण कसं वसलंय हे मालवणच्याच पोरांना सांगायची वेळ आलीय. पूर्वेला कुंभारमाठचा सडा, म्हणजे उंचावरचं कातळाचं पठार. तिथून उतरत आलात की भरड, आणि अजून खाली मेढा, दांडी, वायरी ह्या पुळणीवरच्या (किनाऱ्याच्या वाळूवरच्या) वाड्या, नारळाच्या बागा, आणि मग दर्या. वरती कोळंबची खाडी, तिच्या तोंडावर सर्जेकोट. खाली तारकर्ली-देवबाग संपलं की कर्ली नदी समुद्राला मिळते. ह्या दोन तोंडांच्या मधे आपण सगळे बसलोय, आणि सड्यावर पडलेलं पाणी एकतर ह्या खाड्यांतून जाणार, नाहीतर आपल्या पायाखालून. तिसरी वाट नाही.

पायाखालून म्हणजे खरोखर पायाखालून. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. सड्यावरचा जांभा दिसायला काळा कातळ पण आतून भोकाभोकांचा, पाणी पिऊन घेतो. त्याच्या खाली शेडी, ती चिकणमाती, तिच्यातून पाणी लवकर उतरत नाही, मग ते आडवं सरकतं, उताराच्या पायथ्याला झऱ्याने बाहेर येतं किंवा आतल्या आत पुळणीत शिरतं. तिथे वाळूत खालून खारं पाणी असतंच, समुद्र काय लांब नाही. पण गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत राहतं. समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण 40 फूट गोडं पाणी टिकतं, असा ढोबळ हिशेब आहे. आता हाच हिशेब उलटा लावून बघा. वरचा एक फूट तुम्ही उपसलात तर खालून काय वर येणार?

हे मला कॉलेजात नाही कळलं, आजीच्या बावीवर, म्हणजे विहिरीवर कळलं. आमची बाव समुद्रापासून इतकी जवळ की रात्री गाज ऐकू यायची, आणि पाणी मे महिन्यातसुद्धा नारळपाण्यासारखं गोड. दांडीवरच्या बायका कळशी घेऊन यायच्या. आजी कोणाला नाही म्हणायची नाही, पण मोटार लावू द्यायची नाही. राजू म्हणजे दोर, आणि कळशी, बस. काकांनी एकदा मोटारीचा विषय काढला तर म्हणाली, ‘मोटार लावशीत तर दर्यो बावीत येतलो.’ आम्ही पोरं हसलो होतो, बावीत दर्या कसा येईल, वरून की काय!

मग शेजाऱ्यांनी लावली मोटार. बाग शिंपायला, दिवसरात्र. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे चहा फुटायला लागला, साबणाला फेस येईना. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे. वाळूला कंपाउंड कळत नाही ना. आजी त्यांच्या खळ्यात जाऊन उभी राहिली आणि जे काय बोलली ते फेसबुकवर लिहिण्यासारखं नाही. मोटार निघाली. पाणी परत गोडं व्हायला पाऊसकाळ जावे लागले, एकाने नाही झालं.

सिंधुदुर्ग किल्ल्यात तर सगळे गेलाय ना? चारी बाजूंनी समुद्र, मधे कुरटे बेटाचा खडक, आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव, तिन्ही गोड्या. गाईड सांगतो चमत्कार, पब्लिक मान डोलवतं, फोटो काढतं. मला तर वाटतं ज्यांनी 1664 मध्ये ती जागा पक्की केली त्यांनी पाण्याचा विचार आधी केला असणार, बुरुजाचा नंतर. आणि आम्ही तीनशेसाठ वर्षांनी जेसीबी घेऊन व्हाळ्या बुजवतोय, आणि वर सगळ्यांच्या स्टेटसला महाराज.

बरं, पार्किंग लागतं, मान्य. डिसेंबरात भरड नाक्यावर गाडी हलत नाही आणि माझ्या घरातसुद्धा पर्यटकांचे पैसे येतात. झालं? पुढे चला.

व्हाळी नुसतं पाणी वाहून नेते असं कोणाला वाटत असेल तर तेही नाही. पावसाळ्यात ती मळ्यांतून फिरत फिरत जाते, पसरते, थांबते, जिरते. तीच थांबायची जागा म्हणजे आजीच्या बावीचा बाप. आता तिथे दाबलेली लाल माती आणि वर पेव्हर ब्लॉक येणार. म्हणजे जुलैत शेजारच्या घरांत पाणी आणि एप्रिलमध्ये सगळ्यांच्या बावी खाऱ्या. दोन्ही एकाच डंपरने. मग टँकर मागवणार, आणि टँकर कुठून येणार? सड्याच्या पायथ्याच्या कुठल्यातरी बावीतून! आणि तो सडा तरी कुठे राहतोय, एकीकडे चिरेखाणी, एकीकडे प्लॉटिंग. माझंही घर चिऱ्याचंच आहे, कोणी कमेंटमध्ये सांगायची गरज नाही.

पुळणीवरही तेच. समुद्र पावसात पुळण खातो, दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतो, हे देणंघेणं चालू असतं. ते सांभाळायला मर्यादवेल असते, रावणाच्या मिशा हे वाळूतलं गवत असतं, केवड्याची बेटं असतात. आमच्यासमोर ‘बीच क्लीन’ करायचं म्हणून लोकांनी मर्यादवेल उपटलेली बघितलीय मी. उपटून ढीग लावला आणि ढिगासमोर ग्रुप फोटो. मग वाळू उडून घरात आली की भिंत बांधा, भिंतीच्या टोकाला समुद्र दुप्पट खातो की तिथे परत भिंत. देवबागच्या लोकांना विचारा, एका बाजूला कर्ली एका बाजूला दर्या, मधे ती चिंचोळी पट्टी, दगडांच्या बंधाऱ्यांवर त्यांचा जीव टांगलेला. त्यांच्याकडे बंधारा लागतोच, त्यावर मी बोलणार नाही, घर जातं ते ज्याचं जातं त्यालाच माहीत.

मे 2021 च्या तौक्ते वादळात आपल्याकडे किती दिवस लाईट नव्हती आठवतं का? मोटारी बंद, नळ बंद. वायरीत तेव्हा लोक कुठे पाणी भरत होते? आजीच्या बावीवर. आजी नव्हती तेव्हा, असती तर बघून खूश झाली असती, नाही, खूश नाही, तिने सगळ्यांना आधी ऐकवलं असतं. त्या पोराचे आईवडीलसुद्धा रांगेत होते, मी स्वतः राजू धरलेला त्यांच्यासाठी. दुपारी हे त्याला म्हटलं तर गप्प झाला. वाईट नाही रे तो पोरगा. मुंबईतली नोकरी सोडून आला, गावात राहायचं म्हणतोय, कर्ज काढलंय, आईला सांभाळतो. आमची पोरं पुण्यात बसून गावाबद्दल हळहळतात, हा निदान इथे आहे. तेच बघून निघताना माझा आवाज जरा खाली आला. म्हटलं, गाड्या लाव, पण मधून व्हाळीला तिच्या रुंदीची वाट सोड, वरून साकव टाक, तेवढाच खर्च वाढेल. ‘बघतो काकी’ म्हणाला. ह्या ‘बघतो’चा अर्थ आपल्याकडे काय असतो सगळ्यांना माहितीय, तरी रविवारपर्यंत थांबणार आहे.

तोवर एक काम करा. वायरी-दांडी भागाचा जुना सिटी सर्व्हेचा नकाशा कोणाकडे असेल तर फोटो काढून इनबॉक्सला टाका, व्हाळी त्यात दाखवलेली असणार, भावाला अर्जाला जोडायचाय. आणि ज्यांच्या बावी त्या पट्ट्यात आहेत त्यांनी आत्ताच पाण्याची बाटली भरून तारीख लिहून ठेवा, मे महिन्यात परत भरा, दोन्ही एकदमच तपासायला पाठवू. पैसे मी भरते. ‘विकासाला विरोध’ लिहायला येणाऱ्यांनी आज येऊ नका, उद्या या, आज खरंच मूड नाही.