वडील किती?

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. सातवीत मी रजेचा अर्ज लिहिला : 'माय फादर आर नॉट वेल.' सरांनी 'आर'भोवती लाल गोल काढला आणि विचारलं, "वडील किती रे तुला?"

वर्ग खिदळला. मी एक बोट वर केलं, पण मनातून पटलं नव्हतं. घरी बाबा 'येतात', 'जेवतात', 'ओरडतात'. 'येतो' तो मोत्या, आमचा कुत्रा. इंग्रजीत मात्र बाबाही 'कम्स' आणि मोत्याही 'कम्स'. घरात असं बोललो असतो तर कानाखाली बसली असती. बरं, 'यू'ला कायम 'आर'. म्हणजे मोत्यालाही तोंडावर 'आपण आहात' आणि बाबांची पाठ वळली की 'तो आहे'!

त्यात तो एस. नामाला लागला की अनेकवचन, क्रियापदाला लागला की एकवचन. 'बॉय रन्स', 'बॉईज रन'. घरात एकच छत्री. एकाने नेली की दुसऱ्याने भिजायचं. मी बरीच वर्षं दोघांनाही देत आलो, 'बॉईज रन्स'. कशाला कुणी भिजा?

तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार? मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, लाडू खाल्ले. खाणारा मीच, पण आपलं क्रियापद ताटात बघून बदलतं.

परवा हापिसात मेल लिहिला, 'द लिस्ट ऑफ पेंडिंग बिल्स आर अटॅच्ड.' खाली लगेच नागमोडी रेघ. शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी म्हणाली, "सर, लिस्ट इज." बिलं सतरा, पण मान एकट्या यादीला. मराठीतही 'बिलांची यादी जोडली आहे' असंच लिहितो आपण, म्हणून गप्प बसलो.

'न्यूज इज' सोसलं, 'पोलीस आर' सोसलं. एकच पँट उसवली तरी 'पँट्स आर', तेही सोसलं. पण केसांनी कहर केला. तेलाच्या कंपनीला तक्रार लिहीत होतो, 'माय हेअर आर फॉलिंग.' मागून लेक वाचत होती. ती मला अरेतुरेच करते.

"अरे बाबा, हेअर इज. डोक्यावरचे सगळे मिळून एकच धरायचे. अगदी मोजण्याइतके असले तरच हेअर्स आर."

मी खोडायला लागलो. तिने माझ्या टाळूकडे नीट पाहिलं आणि माझा हात धरला.

"राहू दे. तुझं 'आर'च बरोबर आहे. फक्त हेअरला एस लाव."