बटण चुकलंय

मामा गेले त्याला वर्ष व्हायच्या आत मामीचा फोन आला. "ह्यांची ती खोकी घेऊन जा बाबा. उभ्या जन्मात मला हात लावू दिला नाही, आता त्यांच्यावरची धूळ मी का म्हणून पुसू?" मी जाऊन चार खोकी उचलून आणली. वारसाहक्काने लोकांना जमीन मिळते, दागिने मिळतात, काहीच नाही तर मधुमेह तरी मिळतो. मला आगगाडी मिळाली.

तीही साधीसुधी नव्हे. हॉर्नबी डब्लो. 'डबल ओ' हे या गाड्यांच्या मापाचं नाव. ते भरभर म्हटलं की डब्लो होतं, इतकं सोपं. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 1938 मध्ये ही गाडी बाजारात आणली. ओतीव धातूची इंजिनं, पत्र्याच्या पट्टीवर बसवलेले रूळ, आणि रूळ दोन नव्हेत, तीन. मधल्या रुळातून वीज यायची, बाजूच्या दोन रुळांतून परत जायची. खऱ्या रेल्वेशी याचा काही संबंध नाही, पण लहानपणी मला खऱ्याच रेल्वेत एक रूळ कमी आहे असं वाटायचं.

मामांकडे दोन इंजिनं होती. मरून रंगाची दिमाखदार 'डचेस ऑफ अ‍ॅथॉल' आणि एक बुटकं, गुबगुबीत टँक इंजिन, म्हणजे पाण्याची टाकी स्वतःच्याच अंगावर वाहणारं. आम्हा भाचरांसाठी नियम एकच : हात मागे बांधून बघायचं. मामा कंट्रोलरची मूठ 'पुढे' अशा बाजूला हळूच वळवायचे, आणि टँक इंजिन धाडकन मागे जायचं. दर वेळी. मी दर वेळी ओरडायचो, "मामा, उलटी चाललीये!" मामा दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायचे, "गाडी बरोबर आहे. बटण चुकलंय."

खोकी घरी आली आणि पहिल्याच रविवारी माझा एक मित्र आला. हा माणूस नव्या गाड्या जमवतो. त्याने डचेस हातात घेतली, तिचं वजन जोखलं आणि म्हणाला, "डिजिटल करून टाक."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. नाहीतर पुढचा सगळा छळ तुम्हाला उगाचचा वाटेल. जुन्या पद्धतीत रुळातली वीज हीच आज्ञा. बारा व्होल्ट दिले की इंजिन सुसाट, चार दिले की रांगतं, धन-ऋण उलटे केले की मागे जातं. पण रूळ सगळ्यांचा एकच असल्यामुळे दोन इंजिनं ठेवली की दोघंही एकदम धावतात. एका शिट्टीवर अख्खा वर्ग उठावा तसं. एकाला थांबवायचं तर रुळाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वेगळं बटण लावायचं. मामांनी अशी चौदा बटणं लावलेली फळी केली होती. कुठलं बटण कशाचं, ते फक्त मामांना माहीत होतं. आता ते कोणालाच माहीत नाही.

डिजिटलमध्ये, म्हणजे डीसीसीत (डिजिटल कमांड कंट्रोल), रुळात वीज कायम पूर्ण दाबाने असते आणि तिच्यातूनच निरोप जातात. वीज सारखी उलटसुलट होत राहते. अर्धी फेरी 58 मायक्रोसेकंदांची असली तर 'एक', 100 किंवा त्याहून जास्त असली तर 'शून्य'. इंजिनाच्या पोटातला डिकोडर हे एक-शून्य ऐकत बसतो. प्रत्येकाला आपापला नंबर असतो. "तीन नंबर, पुढे ये" म्हटलं की तीन नंबरच पुढे येतो, बाकीचे जागचे हलत नाहीत. कुठल्याही शाळेत मला अशी शिस्त दिसलेली नाही.

"आणि डिकोडर बसवायला काय, अर्धा तास," मित्र म्हणाला. या वाक्यावर माझे सात महिने गेले.

कारण दुसऱ्याच आठवड्यात मी एका वयस्कर संग्राहकांकडे गेलो. त्यांनी माझा प्रश्न पुरा ऐकूनही घेतला नाही. "मूळ रूप!" ते म्हणाले. "मूळ रूप गेलं की सगळं गेलं. एक वायर कापाल, एक भोक पाडाल, आणि मग उरलं काय? खेळणं!" मला म्हणायचं होतं की ते खेळणंच आहे. पण त्यांच्या कपाटातली इंजिनं काचेआडून माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, की मी गप्प बसलो.

झालं. एक सुधारक, एक सनातनी, आणि मधल्या रुळासारखा मी.

आता सांगायला हरकत नाही, सनातन्यांच्या बाजूतही एक गंमत आहे. या गाड्या जन्मापासूनच अशुद्ध. डबे 1:76 या मापाचे, पण बाहेरच्या दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर, म्हणजे 1:87 या मापाला शोभणारं. खरा 1435 मिलिमीटरचा रूळ 76 ने भागला तर जवळपास 19 मिलिमीटर व्हायला हवा. ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, त्यांत त्या काळची मोटर मावेना. म्हणून अंग वाढवलं आणि रूळ तेवढाच ठेवला. धाकट्या भावाच्या चपला घालून निघालेल्या माणसासारखी ही गाडी 1938 पासून धावते आहे, आणि आम्ही तिच्या शुद्धतेची चर्चा करतो आहोत.

निर्णय होईना म्हणून मी मधला मार्ग काढला. अनेक डीसीसी यंत्रणांमध्ये शून्य नंबरची सोय असते : डिकोडर नसलेलं जुनं इंजिनही चालवता येतं. निरोपातल्या 'शून्य'चा एक अर्धा भाग ताणायचा, म्हणजे वीज एका बाजूला जरा जास्त झुकते आणि मोटर फिरते. मित्राची डीसीसीची पेटी आणली, रुळावर डचेस ठेवली. पेटी चालू केल्याबरोबर, म्हणजे मी अजून काही करायच्या आत, डचेस जागच्या जागी गुणगुणायला लागली. कानाशी डास यावा तसा आवाज. मी मूठ फिरवली. ती थोडी सरकली, थांबली, गुणगुणत राहिली.

बायको आतून आली. इंजिनाला पाठचा हात लावून म्हणाली, "अरे, ताप आलाय हिला."

खरंच आला होता. उलटसुलट वीज सरळ मोटरीत जाते, थांबलेल्या इंजिनातही जातच राहते, आणि ती वेटोळ्यांत उष्णता करत बसते. मी घाईने पेटी बंद केली. मधला मार्ग तिथेच संपला.

मग मी तक्ता केला. डाव्या बाजूला फायदे, उजवीकडे तोटे. सात महिन्यांत तक्त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. तिसऱ्या आवृत्तीत 'मामांना काय वाटलं असतं' ही ओळ दोन्ही रकान्यांत होती. एवढ्या वेळात सुधारक मित्राने स्वतःच्या चार इंजिनांत आवाजाचे डिकोडर बसवले. आता त्याच्या घरी फोन केला की मागे शिट्ट्या ऐकू येतात.

शेवटी मला वाचवलं ते मल्टिमीटरने. डिकोडर घ्यायचा तर मोटर अडवून धरल्यावर ती किती वीज खेचते हे आधी बघायचं असतं, कारण साधे डिकोडर एखाद्या अँपिअरला दमतात. मी टँक इंजिनाचं चाक बोटाने धरलं, बारा व्होल्ट दिले, काटा दीडच्या पुढे गेला. म्हणजे काहीतरी घाण अडकली असणार, साफसफाई तर करावीच लागणार. साफसफाईला सनातनीही नाही म्हणत नाहीत. मी बॉडीचा स्क्रू काढला.

स्क्रूची खाच आधीच कोणीतरी कुरतडलेली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली. आत काळं, घट्ट झालेलं तेल, कम्युटेटरच्या, म्हणजे मोटरीबरोबर फिरणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या, फटींत कार्बनची भुकटी, आणि त्यांना घासून वीज पोचवणाऱ्या एका ब्रशमागे स्प्रिंग. ती स्प्रिंग मी ओळखली. बॉलपेनची होती.

मी बराच वेळ ती चिमट्यात धरून बसलो. ज्या मूळ रूपासाठी मी सात महिने हातपाय बांधून बसलो होतो, त्या मूळ रूपात मामा कधीच पेन उघडून शिरले होते! चाकांच्या मागे एका ठिकाणी पुठ्ठ्याची बारीक चकती होती, तिच्यावर छापलेल्या अक्षरांतला 'टि' अजून वाचता येत होता. तिकीट की टिकली, कळायला मार्ग नाही.

संग्राहकांना फोन केला. पेनच्या स्प्रिंगचं ऐकून ते इतका वेळ गप्प राहिले, की मला वाटलं लाईन गेली. मग हळूच म्हणाले, "चुंबकही काढलं होतं का हो त्यांनी?"

"ते कसं कळणार?"

"गाडी उलटी चालते का?"

मी खुर्चीत बसलो. जुन्या मोटरीचं चुंबक एकदा बाहेर काढलं की दोन गोष्टी होतात. लोखंडाच्या तुकड्याने टोकं जोडून ठेवली नाहीत तर त्याचा जोर कमी होतो. आणि परत घालताना बाजू बदलली तर मोटर उलटी फिरते. म्हणजे आमच्या लहानपणभर मामांनी ज्याचा दोष बटणावर ढकलला, ते त्यांनीच उलटं बसवलेलं चुंबक होतं.

त्यानंतर निर्णयाला फार वेळ लागला नाही. डचेसला हात लावायचा नाही, ती जुन्या कंट्रोलरवर. टँक इंजिन मात्र आधीच सुधारक मंडळींत सामील झालेलं, त्याला डिकोडर.

अर्ध्या तासाचं काम दोन शनिवार चाललं. जुन्या मोटरीचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला चिकटलेला असतो, आणि सांगाडा म्हणजे रूळच. तो ब्रश सगळ्यांपासून सोडवून वेगळा करायचा, मग नारिंगी आणि राखाडी वायर मोटरीला, तांबडी मधल्या रुळाच्या पट्टीला, काळी सांगाड्याला. पहिल्या शनिवारी मी ब्रश वेगळा केला असं मला वाटलं. डिकोडरला तसं वाटलं नाही. एक बारीक 'टिक्' झालं, आणि जळक्या प्लास्टिकचा वास घरभर दोन दिवस राहिला. दुसऱ्या शनिवारी मी आधी मीटरने तीनदा तपासलं, आणि इंजिन मोठ्या रुळावर न ठेवता प्रोग्रामिंगच्या तुकड्यावर ठेवलं, जिथे वीज बेताचीच सोडतात. पेटीने विचारलं, कोण? आतून उत्तर आलं : तीन.

डिकोडर ठेवायला जागा एकच होती, ड्रायव्हरच्या केबिनमध्ये. अंग धातूचं म्हणून त्याला चिकटपट्टीत गुंडाळून बसवला. ड्रायव्हर म्हणून शोभतोही. हालचाल नाही, सांगितलेलं मात्र सगळं ऐकतो.

लेक शेजारी उभी होती, हात मागे बांधून. हे तिला मी शिकवलेलं नाही. मी तीन नंबर निवडला, 'पुढे'चं बटण दाबलं आणि मूठ हलकेच फिरवली. दिमाखात, कुठेही न अडखळता, गोगलगायीच्या चालीने टँक इंजिन मागे निघालं.

"बाबा, उलटी चाललीये."

हे दुरुस्त करायला काही उघडावं लागत नाही. डिकोडरच्या सेटिंगांतल्या सीव्ही 29 या खणात 6 हा आकडा आहे, तो 7 करायचा, की झालं. पेटी हातात होती. आकडा पडद्यावर दिसत होता.

"गाडी बरोबर आहे," मी म्हटलं, "बटण चुकलंय."