‘अकरावीत गणित घेऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दहावीचा निकाल लागला की कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा एका दिवसात मला तो चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: अकरावीत गणित घेऊ नका, टक्केवारी पडते. इंजिनिअरिंगलासुद्धा आता गणित सक्तीचं राहिलेलं नाही. मेडिकलला जाणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. कॉमर्सला गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलं की सुटका. गणितं आता एआय सोडवतंय. आणि पुढे कधी लागलंच तर महिन्याभरात शिकता येतं.

मी २२ वर्षं ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतोय. या मेसेजची मला काळजी वाटते, कारण तो वाचून घरोघरी निर्णय होतात आणि त्याची किंमत दोन वर्षांनी पोरं मोजतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी इंजिनिअरिंगचं. हे कुठून आलं? २०२१ च्या मार्चमध्ये एआयसीटीईच्या, म्हणजे देशातल्या तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, नियमपुस्तिकेत बारावीच्या १४ विषयांची यादी आली आणि त्यातले कुठलेही तीन चालतील असं त्यात होतं. ‘गणिताशिवाय इंजिनिअर’ अशा बातम्या झाल्या, देशभर टीका झाली. मग एआयसीटीईनं खुलासा केला की राज्यांवर आणि विद्यापीठांवर हे बंधनकारक नाही, आणि गणिताचं महत्त्व आम्ही कमी केलेलं नाही. बातमी फॉरवर्ड झाली, खुलासा मागेच राहिला.

आपल्या राज्यात इंजिनिअरिंगची वाट एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटातून जाते. २०० गुणांच्या त्या परीक्षेत गणिताचे प्रश्न ५०, प्रत्येकी २ गुण, म्हणजे एकट्या गणिताचे १००. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून उरलेले १००. जेईई मेन या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेतही तीन विषयांतला एक गणितच. इंजिनिअरिंगसाठी कोल्हापूरच्या केआयटीला जायचं म्हणा, सांगलीच्या वालचंदला म्हणा की पुण्याला, त्या यादीत नाव लागायचं तर गणित टाळून चालत नाही. प्रवेश झाल्यावरही ते पाठ सोडत नाही. एम-वन, एम-टू म्हणजे तिथले गणिताचे पेपर. ‘एम-वन राहिलाय, एम-टू राहिलाय’ हे शब्द ज्या घरात इंजिनिअरिंगचं पोरगं आहे त्या घरात ऐकून पाठ झालेले असतात.

तंत्रनिकेतनाच्या डिप्लोमाला अकरावी लागत नाही हे खरं. पण तिथं पहिल्याच सत्रात गणिताचा पेपर आहे, त्यामुळे ती वाट गणित चुकवण्यासाठी कुणी धरू नये.

टक्केवारीबद्दल. बोर्डाच्या गणितात १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे आणि ८० लेखी. लेखीत पायऱ्यांना गुण मिळतात. उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर सगळ्यावर पाणी पडत नाही. सरावाला बसणारं मध्यम पोरगं या विषयात चांगले गुण काढतं हे मी दरवर्षी पाहतो. आणि मुळात बारावीच्या टक्क्यांवर काय अडलंय? मेडिकलच्या प्रवेशाला खुल्या गटात पीसीबीचे (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ५० टक्के लागतात, राज्यातल्या इंजिनिअरिंगला ४५ टक्के. पुढची सगळी चढाओढ प्रवेश परीक्षेतल्या गुणांची. चार टक्के वाचवायला अख्खा विषय सोडायचा हा हिशोब मला पटत नाही.

आता मेडिकलचं. इथं मेसेज अर्धा बरोबर आहे आणि ते मान्य करायला हवं. नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर नाही. ज्या मुलीला खरोखर डॉक्टरच व्हायचंय, जीवशास्त्र मनापासून आवडतं, तिनं फक्त पीसीबी घेतलं तर मी तिला अडवत नाही. पीसीएमबी, म्हणजे चारही विषय, हे ओझं लहान नाही. सकाळी कॉलेज, दुपारी राजारामपुरीत क्लास, रात्री टेस्ट सिरीज असं चक्र असणारी पोरं मी रोज बघतो, त्यांचे डोळे लाल असतात.

पण ‘उपयोग शून्य’ हे साफ चूक. नीटच्या १८० प्रश्नांतले ४५ फिजिक्सचे आणि ४५ केमिस्ट्रीचे. राज्य मंडळाच्या अकरावीच्या फिजिक्सचं दुसरंच प्रकरण ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’ आहे: सदिश, कॅल्क्युलसची तोंडओळख. ज्यानं गणित घेतलेलं नाही त्याला तेवढ्या एका प्रकरणावर दोन वर्षं रेटावी लागतात.

मागच्या वर्षी पीसीबीची एक मुलगी केमिस्ट्रीची वही घेऊन स्टाफरूममध्ये आली. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुकाल, म्हणजे अर्धा पदार्थ संपायला लागणारा वेळ: ०.६९३ भागिले के, म्हणजे अभिक्रियेचा वेग सांगणारा स्थिरांक. सूत्र तिला तोंडपाठ होतं. प्रश्नात विचारलं होतं, ९० टक्के पदार्थ संपायला किती वेळ लागेल. तिनं ०.६९३ लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. ‘सर, हा आकडा आला कुठून?’ मी सांगितलं, तो २ चा नैसर्गिक लॉगरिदम आहे. अर्धं उरलं म्हणजे सुरुवातीचं उरलेल्याच्या २ पट, म्हणून लॉग २. आता दहावा हिस्सा उरलाय तर कशाचा लॉग घेशील? ती थांबली, मग म्हणाली, ‘दहाचा.’ २.३०३ भागिले के. तिनं स्वतः काढलं. एवढ्यासाठी तिनं वर्षभर दोन वेगवेगळी सूत्रं घोकली होती.

कॉमर्सला ‘मॅथ्स की एसपी’ हा प्रश्न दरवर्षीचाच. सेक्रेटेरियल प्रॅक्टिस वाईट विषय नाही. पण सीएच्या फाउंडेशनला क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा १०० गुणांचा स्वतंत्र पेपर आहे, त्यात व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्र येतं आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. कॉमर्सच्या बारावीच्या गणितात विमा, ॲन्युइटी, निर्देशांक, कालश्रेणी, रेषीय प्रोग्रॅमिंग हे सगळं आहे. सीएचं स्वप्न बघायचं आणि नेमका हा विषय टाळायचा, याला काय म्हणावं मला कळत नाही. अर्थशास्त्राचंही तसंच. दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला गणित लागतंच.

सीबीएसईच्या पालकांसाठी एक गोष्ट घाईत सांगतो. तिथं गणित बेसिक (सोप्या पातळीचं) की स्टँडर्ड हे दहावीलाच ठरतं. बेसिक घेतलेल्यानं अकरावीत नेहमीचं गणित घेऊ नये, हवं तर अप्लाइड मॅथेमॅटिक्स घ्यावं, असा मूळ नियम. मध्यंतरी त्यात सवलती दिल्या गेल्या. त्या वर्षीचा नियम शाळेत विचारून घ्या, नववीतच.

एआयबद्दल मुलंच मला विचारतात. मी त्यांना बारावीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका उघडायला लावतो. मॅट्रायसेस. डिफरन्सिएशन. प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन. यंत्राला शिकवतात म्हणजे त्याची चूक मोजतात, ती कुठल्या दिशेनं कमी होते ते डेरिव्हेटिव्हनं काढतात आणि त्या दिशेनं थोडं थोडं सरकतात. लाखो आकडे मॅट्रिक्समध्ये मांडून हेच पुन्हा पुन्हा. ज्याला एआयमध्ये काम करायचंय त्याच्यासाठी ही प्रकरणं पाया आहेत. आणि ज्याला ते नुसतं वापरायचंय, त्यालाही आलेलं उत्तर बरोबर की चूक हे ओळखता यायला हवं.

‘रोजच्या जगण्यात साईन-कॉस कुठं लागतं?’ हे मेसेजमध्ये नव्हतं, पण एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी विचारलं. त्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. ‘सर, पोरगं म्हणतंय गणित नको. मोबाईलवर बी तसंच आलंय. मी दहावी नापास, माझं काय अडलं?’ मी त्यांच्या वर्कशॉपवर गेलो. शाफ्टला टेपर, म्हणजे निमुळता उतार, काढायचं काम चाललं होतं. मोठा व्यास ४० मिलिमीटर, लहान ३०, टेपरची लांबी ५०. ते कंपाउंड (लेथवरचा तिरका फिरवता येणारा भाग) अंदाजानं फिरवत होते, थोडं कापायचं, गेज लावून बघायचं, परत फिरवायचं. हात सरावलेला, तरी पहिले दोन पीस वाया जातात असं ते स्वतःच म्हणाले. पोरगं शेजारी उभं होतं. मी म्हटलं, काढ बरं. त्यानं खडूनं फरशीवर त्रिकोण काढला. ४० वजा ३०, भागिले दोनदा ५०, म्हणजे ०.१. ज्याचा टॅन ०.१ तो कोन सुमारे ५.७ अंश. वडिलांनी कंपाउंड तेवढ्यावर लावलं आणि कापलं. गेज बसलं. ते बराच वेळ पीसकडे बघत राहिले. पोरानं अकरावीला गणित घेतलं.

राहिला शेवटचा मुद्दा, पुढे महिन्याभरात शिकता येतं हा. नियमात वाट आहे. बारावी झाल्यावर एकच विषय घेऊन बोर्डाच्या परीक्षेला बसता येतं, त्याला आयसोलेटेड म्हणतात. पण ती वाट कशी असते ते माझ्या घरी रोज दिसतं. आमच्या गल्लीतली एक मुलगी, दहावीला गणितात ८९. मैत्रिणी पीसीबीला गेल्या, ग्रुपवर मेसेज आला, तिनं गणित सोडलं. दोनदा नीट दिली. आता तिला कळलंय की तिला डॉक्टर व्हायचं नव्हतंच, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचंय. बरोबरीच्या मुली दुसऱ्या वर्षात आहेत. ती कॉलेज नाही, वर्ग नाही, प्रश्न विचारायला बाकावर शेजारी कुणी नाही अशी एकटी दोन वर्षांचं गणित करतेय, आणि त्यातच सीईटीची तयारी. एमएचटी-सीईटीत २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असल्यानं तेही सोडता येत नाही.

जूनपासून रोज संध्याकाळी सातला ती येते. हुशार आहे, चिवट आहे. चार महिने झाले, आम्ही त्रिकोणमिती संपवून परवा लिमिट्सला सुरुवात केली.