दम असेल तर खऱ्या नावाने लिहा

घरच्या ग्रुपवर मावसभावाने फर्मान काढलं: 'टोपणनावाने लिहितो तो भेकड. दम असेल तर खऱ्या नावाने लिहा.' खाली अंगठ्यांची रांग. हे पुण्यात बसून! ज्या भाषेत शिरवाडकरांचे कुसुमाग्रज झाले, गोडघाट्यांचे ग्रेस झाले, त्या भाषेत.

१९३३ साली बाळूताई खऱ्यांनी 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकर या नावाने छापलं. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं लिहिलं म्हणून केवढा गहजब! लेखिका कोण, हे हुडकायला लोक निघाले. दम कुणात कमी होता, लिहिणारीत की हुडकणाऱ्यांत? विचारलं तर भावाने हात जोडल्याची इमोजी पाठवली. वाद घालायचा नाही, नुसतं ठोकून द्यायचं, ही आपली जुनी खोड.

खोटं कशाला म्हणतात ते इथे माद्रिदला येऊन बघा म्हणावं. कार्मेन मोला: प्राध्यापिका, तीन मुलांची आई, संसार सांभाळून रक्तबंबाळ कादंबऱ्या लिहिणारी. ऑक्टोबर २०२१ मध्ये दहा लाख युरोंचा प्लानेता हा कादंबरीचा पुरस्कार तिला जाहीर झाला आणि राजाराणीसमोर मंचावर चढले तीन पुरुष. दिआस, मार्तिनेस, मेर्सेरो. बायकांच्या पुस्तकांच्या एका दुकानाने तिची पुस्तकं फळीवरून उतरवली. आमच्या ऑफिसात मात्र नुसता हशा. विभावरीने नाव तेवढं बदललं, दुखणं खरं होतं. या तिघांनी नसलेली मुलंसुद्धा जन्माला घातली.

हे सगळं तावातावाने टाइप केलं. पाठवलं नाही.

इथे मी आना आहे. जान्हवीचं 'हानवी' ऐकून पहिल्याच वर्षी कंटाळले. ते असो. पण सहा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला कथा पाठवताना आईचं माहेरचं नाव लावलं आणि पत्ता दिला कोथरूडचा. माद्रिद लिहिलं की कथेतल्या बाईने नुसतं दूध तापवलं तरी लोकांना त्यात मायदेशाचा गहिवर दिसतो. परिचयात लिहिलं, 'नोकरी करते, रोज वेताळ टेकडीवर फिरायला जाते.' टेकडी पाहून तेव्हाच आठ वर्षं झाली होती.

एका वाचकबाईंचं कार्ड आलं, आईने फोनवर वाचून दाखवलं. 'मीही रोज टेकडीवर असते. तुम्ही किती वाजता येता?'

काय कळवू, असं आई अजून विचारते.