सही केली नाही

मंडळी, आज ग्रंथालय समितीच्या बैठकीत चहा, बिस्किटं आणि २,३१२ पुस्तकांची निर्लेखन यादी (म्हणजे ग्रंथालयातून कायमची काढून टाकायची पुस्तकं) एकदमच समोर आली. "सर, फक्त सही करा. नॅकची मूल्यांकन समिती यायच्या आधी रॅक मोकळे करायचेत, रद्दीवाला सोमवारी येतोय." निकष काय, विचारलं. तर म्हणे सॉफ्टवेअरमधून काढलंय, दहा वर्षांत एकदाही इश्यू नाही.

झालं. पुस्तक उघडून बघायचीही गरज नाही.

मी याच कॉलेजात शिकलो. १९९९ ला 'कमवा आणि शिका'त ग्रंथालयात होतो. मे महिन्यात पुस्तकांची मोजणी असायची. मी रॅकवरून दाखल क्रमांक, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचा नोंदणी नंबर, ओरडायचो, ग्रंथपाल बाई जाडजूड रजिस्टरात पेन्सिलीने टिक करायच्या. १४२०७ काही सापडेना. चार दिवस! मी म्हटलं, बाई, एकच तर आहे, हरवलं लिहा. त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं.

सापडलं ते कादंबऱ्यांत. शेतजमिनीवरचं पुस्तक, नावात 'माती'. कुणाला तरी वाटलं असणार ग्रामीण कादंबरी आहे, म्हणून ६३१ चं, म्हणजे शेतीच्या वर्गातलं, पुस्तक ८९१.४६ मध्ये, मराठी साहित्यात जाऊन बसलं होतं. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर चार वर्षांत एकही शिक्का नाही. असणार कसा? शेती शोधणारा कादंबऱ्यांत कशाला जाईल?

आता सांगा, तेव्हा हे सॉफ्टवेअर असतं तर १४२०७ रद्दीतच गेलं असतं ना?

आणि इश्यू म्हणजे तरी काय? आमच्याकडे संदर्भग्रंथ घरी देतच नाहीत. पोरं ओळखपत्र काउंटरला ठेवून वाचनकक्षात बसतात, वाचतात, जातात. त्याची नोंद कुठे होते? कोश, गॅझेटियर, जुने अहवाल, सगळ्यांपुढे शून्य. नियमानेच जे बाहेर जाऊ शकत नाही, ते बाहेर गेलं नाही म्हणून विकायचं. वा रे वा!

बरं, मान्य. यादीत विंडोज ९८ शिकवणारी चाळीस पुस्तकं आहेत, ती खुशाल जाऊ द्या. बदललेल्या अभ्यासक्रमाच्या क्रमिक पुस्तकांचे गठ्ठेही. वाळवी लागलेलं आधी बाहेर काढलंच पाहिजे, नाहीतर शेजारचं रॅक जातं. जागा कमी आहे, हेही खरं. बाईसुद्धा पुस्तकं काढायच्याच की. पण एकेक हातात घेऊन, त्या विषयाच्या प्राध्यापकाला बोलावून, दुसरी प्रत आहे का बघून.

आज ते करणार कोण? बाई निवृत्त झाल्यापासून पद रिकामं. चार्ज कॉमर्सच्या सरांकडे. त्यांच्यावर राग नाही माझा, बिचारे तास घेऊन धावत येतात आणि कुलूप उघडतात. राग याचा की १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालून आम्हीच टाळ्या वाजवल्या. त्यांचा १९३१ चा पाचवा सिद्धांत भिंतीवर रंगवलाय: 'ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे.' त्याच भिंतीला टेकवून आता गोण्या ठेवल्यात.

केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांत हजार पुस्तकांच्या देवघेवीमागे पाच हरवली तर चालतात. बाईंना एकही चालत नव्हतं. तेव्हा मला तो कंजूषपणा वाटायचा. त्यांच्या मागे आम्ही पोरं हसायचोसुद्धा.

असो. जरा जास्तच बोललो बहुतेक. बैठकीतही आवाज चढला, त्याबद्दल कॉमर्सच्या सरांना नंतर सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "तुम्हीच बघा ना मग." म्हणून यादीतली पहिली वीस नावं घेऊन रॅककडे गेलो. सात जागेवर नव्हती. त्यातलं एक, तमाशावरचं, स्पर्धा परीक्षांच्या गाईडांमागे पडलेलं मिळालं. बाकीच्या सहांचा पत्ता नाही. म्हणजे जी सापडतच नाहीत, तीही विकायला निघालो होतो.

सही केलेली नाही. रविवारपर्यंत मुदत मागून घेतलीय. २,२९२ राहिलीत. जुन्या बॅचचं कुणी गावात असेल तर शनिवारी सकाळी नऊला या. एकाने क्रमांक ओरडायचे, एकाने टिक करायची. तोंडाला रुमाल बांधून या, धुळीने शिंका फार येतात. चहा माझ्याकडे.