पस्तीस वॅटचा एक बल्ब मागितला होता, बस्स!

सतरा दिवस माझ्या गाडीचा डावीकडचा फॉग लॅम्प बंद होता आणि त्या सतरा दिवसांत बल्ब सोडून बाकी सगळं मला विकायचा प्रयत्न झाला. सीट कव्हर झाली, डबल हॉर्न झाला, मागच्या काचेची जाळी झाली. एका महाभागानं तर गाडीच्या पोटाखाली लावायच्या निळ्या दिव्यांच्या पट्ट्या काढून दाखवल्या. बल्ब मात्र नाही.

हे माझे नखरे नाहीत, आधीच सांगते. मी राहते ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आणि मुरैन्याला कॉलेजात फिजिक्स शिकवते. रोज चाळीस किलोमीटर जाणं, चाळीस येणं. पौषात आमच्याकडे कोहरा पडतो. हो, कोहराच. सासूबाई साताऱ्याच्या, त्या धुकं म्हणतात, पण त्यांचं धुकं म्हणजे महाबळेश्वरला शाल पांघरून फोटो काढायचं. आमच्या कोहऱ्यात आपल्याच गाडीचं बॉनेट अर्ध्यावर संपतं. सकाळी साडेसहाला बानमोर ओलांडलं की दोन्ही बाजूंना सरसोंची ओली शेतं आणि मधला हायवे फक्त आठवणीत. त्यात भुसा भरून फुगलेली ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि कधीकधी तर उलट्या दिशेनं तुमच्याच लेनमध्ये. अशा वेळी रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी हीच माझी माय आणि तीच बाप. ती दाखवायचं काम डावीकडच्या फॉग लॅम्पचं. गेला तर नेमका तोच गेला.

पहिला प्रश्न, बल्ब कुठला? गाडीबरोबरच्या पुस्तकात सिगारेट लायटर कसा वापरावा यावर अर्धं पान आहे आणि फॉग लॅम्पच्या बल्बवर एकच ओळ: सर्व्हिस सेंटरमधून बदलून घ्यावा. सर्व्हिस सेंटरमध्ये गेले तर म्हणे बल्ब सुटा येत नाही, अख्खा लॅम्प बदलावा लागेल. आकडा सांगितला, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि उठले.

नवरा "मी बघतो" म्हणाला. दोन रविवार बघत राहिला. तिसऱ्या रविवारी मीच अंगणात पोतं टाकलं, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं आणि डाव्या चाकापुढे आडवी झाले. चाकाच्या वर आतून जे काळं प्लास्टिक असतं ना, त्याच्या तीन क्लिपा. दोन निघाल्या, तिसरी टक्‌ करून तुटली. मग कोपरापर्यंत हात आत. बोटांना वायरचा सॉकेट लागला, तो ओढला, बल्ब पाव फेरा फिरवला आणि निघाला एकदाचा. काच आतून चंदेरी-काळी पडलेली, तार मधोमध तुटून लटकत होती. बुडाशी तिळाएवढ्या अक्षरांत, मोबाइलच्या टॉर्चमध्ये तिरका धरून वाचलं: एच-८, १२ व्होल्ट, ३५ वॅट. मला वाटलं, झालं! नंबर मिळाला म्हणजे बल्ब मिळाला. केवढा तो भाबडेपणा.

पहिल्या दुकानात बल्ब काउंटरवर ठेवला. दुकानदारानं तो उचललाही नाही. "गाड़ी कौन चलाता है, दीदी?" मी चालवते, असं म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे, मग बल्बकडे, मग परत माझ्याकडे पाहिलं आणि एच-११ काढून दिला. "सेम है." मी म्हटलं, हा पंचावन्न वॅटचा आहे, माझा पस्तीसचा. तर म्हणे अच्छाच आहे ना, जास्त उजेड! आणि बुडाचे कान, म्हणजे खाचेत बसणारे ते उंचवटे, जुळत नाहीत ते? "घिस देंगे." हे म्हणताना त्याचा हात कानशीकडे गेलाही होता.

अहो, ते कान मुद्दाम वेगळे केलेत! एच-८, एच-११ आणि १९ वॅटचा एच-१६ हे तिघं जवळपास एकाच साच्यातले भाऊ. चुकून एकाच्या जागी दुसरा बसू नये म्हणूनच त्यांच्या बुडाचे कान निरनिराळे ठेवलेत. कुणीतरी हुशार माणसानं तुमच्यासारख्यांचाच विचार करून ते केलंय, आणि तुम्ही त्याच्यावर कानस चालवता? पस्तीस वॅट म्हणजे बारा व्होल्टवर तीन ॲम्पियरच्या आत. पंचावन्न म्हणजे साडेचारच्या वर. माझी वायर बारीक, लॅम्पचं घर प्लास्टिकचं, आणि ही जादा उष्णता त्या डबीएवढ्या जागेत जाणार कुठे? वितळलेला लॅम्प घेऊन पुन्हा त्याच सर्व्हिस सेंटरला जायचं, अख्खा बदलायला. वा!

दुसरं, तिसरं आणि चौथं दुकान एकत्रच सांगते, कारण तिथं एकच माणूस बसलेला असावा अशी मला शंका आहे. "हॅलोजन? वो तो बाबा आदम के ज़माने का है, दीदी. एलईडी डालो." आणि समोर डबा. डब्यावर विजेचा लोळ, त्यातून झेप घेणारा चित्ता, आणि लिहिलेलं वीस हजार लुमेन. बाई गं! लुमेन म्हणजे उजेडाचं माप, आणि माझ्या एच-८ चा, म्हणजे साध्या तारेच्या हॅलोजनचा, हिशेब आठशे लुमेनचा. आठशेच्या जागी वीस हजार येत असते तर मुरैन्याची सकाळ मीच केली असती, सूर्याला सुट्टी.

आणि ते केल्विन! "ये छह हज़ार केल्विन है, आपका तो तीन हज़ार वाला था, डबल पावर." वीस वर्षं मी पोरांना केल्विन शिकवते आहे. केल्विन म्हणजे इथं प्रकाशाचा रंग, हो! तीन हजारच्या आसपास पिवळसर, सहा हजारला पांढराफेक, त्याच्या वर निळसर. त्याचा "पावर"शी काडीचा संबंध नाही. उलट हॅलोजनच्या काचेला निळा मुलामा देऊन जे "डायमंड व्हाइट" विकतात ना, तो मुलामा प्रकाशातला पिवळा-तांबडा भाग अडवतो. म्हणजे तुम्ही जादा पैसे मोजून कमी उजेड घरी आणता. हे मी तिथं समजावून सांगितलं, फळ्यावर सांगावं तसं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "दीदी, सब यही लगवा रहे हैं."

सगळे लावतायत, तेच तर दिसतंय! शेजारच्या काकांनी मागच्या महिन्यात लावले. आम्ही दोघांनी रात्री गाड्या बिल्डिंगच्या भिंतीसमोर उभ्या केल्या. माझ्या उरलेल्या एका दिव्यानं भिंतीवर खाली आडवी पट्टी उमटवली, वरची कड सरळ, सुरीनं वडी कापावी तशी. काकांच्या दिव्यांनी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतले वाळत घातलेले टॉवेल दाखवले. "बघ किती लांब जातो!" काका खूश. काका, लांब नाही हो, वर जातो! हॅलोजनची तार म्हणजे एक बारीक स्प्रिंग, ठरावीक जागी बसवलेली. लॅम्पच्या आत तारेमागचा आरसा त्या जागेसाठी घडवलेला. तिथं तुम्ही जाड दांड्याच्या दोन्ही अंगांना चिकटवलेले चिप आणून बसवले, की आरशाचा सगळा हिशेब फिसकटतो. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली का असतो? उजेड पसरट आणि ठेंगणा राहावा, वर जाऊन कोहऱ्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येऊ नये म्हणून. तो वर गेला की समोर पांढरी भिंत. मग माणूस ब्रेक मारतो आणि मागचा ट्रक मारत नाही.

फॅमिली ग्रुपवर विचारायची चूकही केली. पुण्याचा दीर: "वहिनी, पिवळे टाका, पिवळा प्रकाश धुकं फाडतो." फाडतो म्हणे! कोहऱ्यातले थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळ्या रंगांना जवळजवळ सारखंच उधळतात. पिवळ्यात निळ्याची चमक कमी, म्हणून डोळ्यांना त्यातल्या त्यात बरं वाटतं, एवढंच. फ्रान्सनं नव्या गाड्यांना पिवळे हेडलाइट १९९३ पर्यंत सक्तीचे ठेवले होते, मग तोही नियम काढून टाकला. हे ग्रुपवर लिहिलं तर दिरानं अंगठा पाठवला. जाऊबाईंनी तीळ-गुळाची गजक पाठवशील का विचारलं. (पाठवते. मुरैन्याची गजक तरी मागितली तशीच मिळते.)

मग ऑनलाइन. गाडीचं नाव टाकलं, वर्ष टाकलं, हिरवी टिकली आली: तुमच्या गाडीला बसेल. आलं काय? डब्यावर एच-८, आत कान एच-११ चे. परत करायला गेले तर म्हणे, वस्तू न उघडलेली हवी. डबा न उघडता आतले कान कसे दिसणार होते, ते सांगणारं बटण काही त्यांच्याकडे नाही.

शेवटी ट्रान्सपोर्ट नगरात एक म्हातारे इलेक्ट्रिशियन भेटले. माझा जुना बल्ब त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला. नुसतं वाचला, याचंच मला भरून आलं. मग ड्रॉवर उपसला. रिले, फ्यूज, बिडीचं बंडल, आणि तळाशी जुन्या पेपरात गुंडाळलेला एच-८. एकच. दीडशे रुपये. मी डोळे मिटून पैसे काढले तेवढ्यात त्यांच्या पोरानं तो उचलला आणि, अगं आई गं, काचेलाच धरून! ग्रीसनं माखलेला अंगठा, चांगला दाबून. हॅलोजनच्या काचेला बोटाचं तेल लागलं की ती तेवढ्याच जागी जास्त तापते आणि बल्ब अवेळी जातो. मी ओरडले. पोरगं दचकलं. म्हातारबाबा त्याला म्हणाले, "बुड पकड, बुड! कितनी बार बोला।" मी पर्समधलं सॅनिटायझर रुमालावर घेऊन तो बल्ब पुसला, नवजात बाळाला पुसावं तसा, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या पूर्ण वाळू दिला. लोक बघत होते. बघू देत.

बसवला. पेटला. निघताना म्हातारबाबा म्हणाले, दोन्ही एकाच वयाचे होते, उजवाही फार दिवस काढणार नाही, दुसरा शोधून ठेवा.

तर आता परत शोधतेय. कुणाच्या दुकानात, ड्रॉवरमध्ये, गॅरेजच्या फळीवर एच-८, १२ व्होल्ट, ३५ वॅट पडलेला असेल तर कळवा. साध्या काचेचा. निळा नको, एलईडी नको, चित्त्याचं चित्र नको. आणि काचेला हात लावू नका.